विश्लेषण : इटलीतील पुलाला कोल्हापूरच्या छत्रपतींमुळे नाव कसे मिळाले? राजाराम महाराजांच्या अखेरच्या प्रवासाची कहाणी…

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो नदीवर तारांनी तोललेला एक मोठा पूल आहे. रोज हजारो मोटारी त्यावरून जातात. पुलाचे नाव ‘पोंते अल्लिंदियानो’, म्हणजे साध्या मराठीत ‘भारतीयाजवळचा पूल’. तो १९७८ मध्ये पूर्ण झाला. मात्र ज्या ‘भारतीया’वरून हे नाव पडले, तो त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी तिथे नदीकाठी अग्नीच्या स्वाधीन झाला होता. ते होते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. वय अवघे वीस वर्षे. करवीरच्या गादीवरचा राजा आर्नोच्या काठी कसा पोहोचला, त्याच्या दहनासाठी परवानगी का मागावी लागली आणि कोल्हापूरवर त्याचे काय परिणाम झाले, याचा हा आढावा.

कोणते राजाराम महाराज?

कोल्हापुरात हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण कोल्हापूरच्या गादीच्या परंपरेत राजाराम तीन. पहिले शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र, जिंजीहून मोगलांशी लढलेले, महाराणी ताराबाईंचे पती. तिसरे राजर्षी शाहू महाराजांचे पुत्र, ज्यांनी १९२२ ते १९४० या काळात राज्य केले. फ्लॉरेन्सचे राजाराम महाराज या दोघांच्या मधले. त्यांचा जन्म १८५० चा, पाटणकर घराण्यातला. मूळ नाव नागोजीराव. गादीवर आले १८६६ मध्ये, वारले ३० नोव्हेंबर १८७० रोजी. चार वर्षांची ही कारकीर्द असल्याने इतिहासाच्या पुस्तकात त्यांना बहुतेकदा एखादा परिच्छेद मिळतो. कोल्हापुरातल्या जुन्या हायस्कूलने आणि १८८० मध्ये सुरू झालेल्या राजाराम कॉलेजने ‘राजाराम’ हे नाव मात्र घरोघरी पोहोचवले.

नागोजीराव ‘राजाराम’ कसे झाले?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोणत्याही संस्थानिकाला सर्वांत मोठी धास्ती कसली असेल, तर ती निपुत्रिक मरण्याची. १८४८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक ईस्ट इंडिया कंपनीने मानला नाही आणि शिवाजी महाराजांच्या वंशाची ती गादी खालसा झाली. साताऱ्याची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८३९ मध्येच लंडनला गेले होते. ते तिथे वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले आणि १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. मराठी माणसाने लंडनमध्ये केलेली ही बहुधा सर्वांत चिवट वकिली. ती फळली नाही.

कोल्हापूर वाचले, पण सहज नाही. गादीवर तिसरे शिवाजी ऊर्फ बाबासाहेब महाराज होते. १८४४ मध्ये सामानगड, पन्हाळा या भागांत गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडून काढल्यावर कंपनीने संस्थानाचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढे ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातील २७ व्या देशी पलटणीने बंड केले. बाबासाहेबांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही. त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर मात्र बंडवाल्यांशी संधान बांधल्याचा संशय आला आणि त्यांना थेट कराचीला नेऊन ठेवण्यात आले. ते पुन्हा कोल्हापूरला आले नाहीत. १८६९ मध्ये कराचीतच वारले.

उठावानंतर इंग्रज सरकारचे धोरण बदलले. १८६२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तक घेण्याचा अधिकार देणाऱ्या सनदा दिल्या. त्याच वर्षी बाबासाहेबांना राज्यकारभारही परत मिळाला, अर्थात अटींसह. ऑगस्ट १८६६ मध्ये मृत्यूशय्येवर असताना त्यांनी आपले भाचे नागोजीराव यांना दत्तक घेतले. सख्खा भाऊ त्या वेळी हयात होता, पण हजार किलोमीटर दूर नजरकैदेत. सोळा वर्षांच्या पाटणकरांच्या मुलाचे नाव राजाराम झाले आणि तो छत्रपती झाला.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी, कारण या तरुणाचे राजेपण रक्तापेक्षा विधीवर उभे होते. होम झाला, नाव बदलले, गादी मिळाली. चार वर्षांनी परक्या देशात त्यांचा मृतदेह ठेवलेला असताना पुन्हा विधीचाच प्रश्न उभा राहणार होता.

शिक्षण कसे झाले?

संस्थानिकाचा मुलगा म्हणजे दांडपट्टा, घोडा, शिकार आणि थोडीफार मोडी, हा जुना शिरस्ता. राजाराम महाराजांच्या बाबतीत इंग्रज अधिकाऱ्यांनी तो बदलला. त्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी पारशी शिक्षक नेमला गेला. रोजनिशी लिहिण्याइतके इंग्रजी त्यांना अल्पावधीत येऊ लागले. कारभाराची खरी सूत्रे पोलिटिकल एजंटच्या हाती होती. राजाने शिकावे, पाहावे आणि तयार व्हावे, अशी अपेक्षा होती. पुढे मेयो कॉलेज, राजकुमार कॉलेज अशा संस्थांतून जे घाऊक प्रमाणात झाले, त्याचा हा आधीचा, एकाच मुलावर केलेला प्रयोग म्हणता येईल.

त्या वर्षांतले कोल्हापूर एरवीही बदलत होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८६७ मध्ये काही काळ इथे न्यायाधीश होते. कोल्हापूरच्या हायस्कूलचे मुख्याध्यापकपद भूषवलेले महादेव मोरेश्वर कुंटे यांचे ‘राजा शिवाजी’ हे काव्य १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेतले हे दीर्घकाव्य मराठी कवितेच्या इतिहासात नव्या वळणाची खूण म्हणून सांगितले जाते. शिवाजी महाराजांच्या गादीवरचा तरुण वारस इंग्रजी व्याकरण गिरवत होता आणि मराठी कवी त्याच गादीच्या मूळ पुरुषाकडे नव्या नजरेने पाहत होता. एकाच शहराच्या आसपास, एकाच दशकात.

समुद्र ओलांडणे एवढे अवघड का होते?

नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. मुंबई आणि लंडन पूर्वीपेक्षा जवळ आले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते अंतर तसूभरही कमी झाले नव्हते. समुद्रपर्यटन निषिद्ध होते. परदेशी जाऊन आलेल्याला जातीबाहेर टाकले जाई किंवा प्रायश्चित्त घ्यावे लागे. राघोबादादांनी अठराव्या शतकात इंग्लंडला पाठवलेल्या ब्राह्मण वकिलालाही परतल्यावर शुद्धी करून घ्यावी लागली होती. ही गोष्ट किती काळ टिकली, हे पाहायचे तर जयपूरचे महाराज माधोसिंह यांचे उदाहरण पुरेसे आहे. ते १९०२ मध्ये, म्हणजे राजाराम महाराजांनंतर ३२ वर्षांनी, लंडनला गेले तेव्हा पिण्यासाठी चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून घेऊन गेले. त्या घागरी आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आहेत.

अशा काळात राज्यावर असलेला हिंदू राजा स्वतः विलायतेला निघतो, ही मोठी बातमी होती. तशी हिंमत करणाऱ्या पहिल्या मोजक्या राजांत राजाराम महाराज येतात. त्यात त्यांची स्वतःची उत्सुकता किती आणि इंग्रज अधिकाऱ्यांची प्रेरणा किती, याचे माप काढणे कठीण. वीस वर्षांच्या, इंग्रजी शिकलेल्या तरुणाला लंडन पाहावेसे वाटले असेल, यात नवल नाही. आणि हा दौरा यशस्वी झाला तर इतर संस्थानिकांपुढे उदाहरण ठेवता येईल, हे पोलिटिकल खात्याला कळत होते, हेही उघड आहे.

विलायतेत काय केले?

मे १८७० मध्ये महाराज मुंबईहून निघाले. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे पोलिटिकल एजन्सीतले अधिकारी आणि कोल्हापूरची मंडळी होती. जूनमध्ये ते लंडनला पोहोचले. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. ग्लॅडस्टन तेव्हा पंतप्रधान होते. संसद, वस्तुसंग्रहालये, नाटकगृहे, मेजवान्या, बड्या लोकांच्या घरच्या भेटी असा भरगच्च कार्यक्रम होता. पुढच्या काळात प्रत्येक संस्थानिकाच्या दौऱ्यात हीच ठिकाणे आली, पण तेव्हा ती नवी होती. पाहणाऱ्यालाही आणि पाहुण्याकडे पाहणाऱ्यांनाही.

महाराज या साऱ्याची नोंद इंग्रजीत रोज करत होते. ही रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. भारतीय राजाने युरोपविषयी लिहिलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांत तिची गणना होते. मात्र ती वाचताना एक गोष्ट विसरून चालत नाही. लिहिणारा तरुण आपले इंग्रजी वेस्ट साहेबांच्या नजरेखालून जाणार हे जाणून होता, आणि छापताना काय ठेवायचे व काय गाळायचे हे त्याच साहेबांनी ठरवले, तेही लेखक हयात नसताना. मराठीत, घरच्या माणसांना त्यांनी या प्रवासाविषयी काय सांगितले असते, ही वेगळी रोजनिशी झाली असती.

परतीची वाट फ्लॉरेन्सकडे का वळली?

याचे उत्तर त्या वर्षीच्या युरोपच्या राजकारणात आहे. महाराज इंग्लंडमध्ये असतानाच १९ जुलै १८७० रोजी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेदानच्या लढाईत खुद्द फ्रेंच सम्राट तिसरा नेपोलियन पकडला गेला. त्याच महिन्यात प्रशियन फौजांनी पॅरिसला वेढा घातला. लंडनहून पॅरिस, तिथून मार्सेय बंदर आणि मग जहाज हा हिंदुस्थानात येण्याचा रुळलेला मार्ग त्यामुळे तुटला. हिंदुस्थानची टपालसुद्धा इटलीच्या दक्षिण टोकावरच्या ब्रिंदिसी बंदरातून जाऊ लागली. शरद ऋतूत परतीला लागलेले महाराज फ्रान्स टाळून आल्प्सच्या बाजूने इटलीत उतरले. वाटेतच त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. युरोपातली थंडी वाढत होती. फ्लॉरेन्सला पोहोचेपर्यंत पुढे जाणे अशक्य झाले.

फ्लॉरेन्स तेव्हा केवळ चित्रांचे आणि संगमरवराचे शहर नव्हते. १८६५ पासून ते नव्याने एक झालेल्या इटलीची राजधानी होते. २० सप्टेंबर १८७० रोजी इटालियन फौजांनी पोपच्या ताब्यातील रोम जिंकले होते आणि राजधानी तिकडे हलवण्याची तयारी सुरू होती. म्हणजे ज्या दिवसांत कोल्हापूरचे छत्रपती आर्नोकाठच्या हॉटेलात अंथरुणाला खिळले होते, त्याच दिवसांत त्या शहरात एका राष्ट्राची मांडामांड चालू होती. ३० नोव्हेंबर रोजी महाराजांचे निधन झाले.

दहनाची परवानगी हा पेच का ठरला?

आज युरोपात दहन ही सामान्य गोष्ट आहे. १८७० मध्ये तशी नव्हती. ख्रिस्ती युरोपात शेकडो वर्षे दफन हाच रिवाज होता. इंग्लंडमधले पहिले अधिकृत आधुनिक दहन वोकिंग येथे १८८५ मध्ये झाले. इटलीत मिलान शहरात दहनगृह सुरू झाले ते १८७६ मध्ये. कॅथलिक चर्चने तर १८८६ मध्ये दहनावर स्पष्ट बंदीच घातली. युरोपात मरण पावलेल्या नामवंत हिंदूंचे तोवर काय झाले होते? राजा राममोहन राय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले, त्यांचे दफन झाले. द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला वारले, त्यांचेही दफनच झाले.

राजाराम महाराजांच्या सोबतच्या मंडळींना हे मान्य होण्यासारखे नव्हते. प्रश्न केवळ भावनेचा नव्हता. समुद्र ओलांडून गेलेला राजा आधीच शास्त्राच्या कक्षेबाहेर पाऊल टाकून आला होता. त्यात त्याला परक्या मातीत पुरले असते, तर कोल्हापुरात काय पडसाद उमटले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. इंग्रजांच्या आग्रहाने राजाला नेले, त्याला अग्नीही दिला नाही, ही बातमी १८५७ नंतर तेरा वर्षांनी कोल्हापुरात पोहोचणे कोणत्याच अधिकाऱ्याला परवडणारे नव्हते. गडकऱ्यांचा उठाव आणि देशी पलटणीचे बंड पाहिलेले हे शहर होते. शिवाय अंत्यविधीशी वारसा जोडलेला. राजा निपुत्रिक होता, म्हणजे पुन्हा दत्तक, पुन्हा विधी.

त्यामुळे फ्लॉरेन्समध्ये घाईने हालचाली झाल्या. राजधानीचे शहर असल्याने इटलीचे सरकार आणि ब्रिटिश वकिलात दोन्ही तिथेच होती, ही त्यातल्या त्यात सोयीची बाब. शहराचे महापौर होते उबाल्दिनो पेरुत्झी. नगरपालिकेने खास बाब म्हणून परवानगी दिली. जागा ठरली शहराबाहेर, काशिने उद्यानाच्या पार पश्चिमेला, जिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. नदीकाठ आणि त्यातही संगम. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसांना या जागेचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. प्रयाग चिखलीचा संगम आणि घाटावरच्या छत्र्या त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या. तिथे रात्री चिता रचली गेली आणि हिंदू पद्धतीने दहन झाले. असला प्रकार पूर्वी न पाहिलेले फ्लॉरेन्सकर ते बघायला जमले होते.

इटालियन अधिकाऱ्यांनी एवढी तत्परता का दाखवली असावी? ब्रिटनसारख्या सत्तेची मर्जी राखणे हे एक कारण सहज दिसते. पण आणखी एक आहे. इटलीतले उदारमतवादी डॉक्टर आणि शास्त्रज्ञ त्याच सुमारास दहनाचा पुरस्कार करू लागले होते. १८६९ मध्ये फ्लॉरेन्समध्येच भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने दहनाचा विचार मांडला गेला होता. पोपच्या सत्तेशी उभा दावा मांडून बसलेल्या नव्या राष्ट्राच्या राजधानीत चर्च काय म्हणेल, याची भीती तशीही कमी झाली होती. करवीरच्या धर्माचाराला आणि इटलीतल्या धर्मसत्ताविरोधी मंडळींना एकाच वेळी एकच गोष्ट हवी होती, हा योग चमत्कारिकच.

काशिनेला कवितेशीही नाते आहे. इंग्रज कवी शेली याने ‘ओड टू द वेस्ट विंड’ ही आपली गाजलेली कविता १८१९ च्या शरद ऋतूत आर्नोकाठच्या याच वनराईत रचली. तीन वर्षांनी तो समुद्रात बुडाला. किनाऱ्याला लागलेला त्याचा देह साथरोगाच्या नियमांमुळे व्हियारेज्जोजवळच्या वाळूत जाळावा लागला. त्या भागात उघड्यावर पेटलेल्या चितेची लोकांना ठाऊक असलेली आधीची आठवण होती ती एका कवीची.

कोल्हापुरात पुढे काय झाले?

निधनाची बातमी आली आणि पुन्हा दत्तकाचा शोध सुरू झाला. १८७१ मध्ये भोसले घराण्यातील नारायणराव या लहान मुलाला दत्तक घेण्यात आले. हे चौथे शिवाजी महाराज. त्यांची कहाणी राजाराम महाराजांपेक्षाही दुःखद आहे. त्यांना मानसिक आजार असल्याचे जाहीर करण्यात आले. त्यांच्या छळाच्या बातम्या बाहेर येऊ लागल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला, त्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराष्ट्राच्या पत्रकारितेतले हे गाजलेले ‘कोल्हापूर प्रकरण’. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चौथ्या शिवाजी महाराजांचा अंत झाला.

त्यानंतर मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज. म्हणजे १८६६ ते १८८४ या अठरा वर्षांत कोल्हापूरने तीन दत्तक पाहिले. फ्लॉरेन्सचा प्रवास सुखरूप पार पडला असता तर पुढची साखळी कशी असती, हा खेळ मनातल्या मनात खेळण्यापुरताच. पण शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले, तेव्हा त्या वाटेवर कोल्हापूरचा एक राजा आधी जाऊन आलेला नव्हे, तर गेलेला होता. शाहू महाराजांनी आपल्या थोरल्या मुलाचे नाव राजाराम ठेवले.

छत्री कोणी उभारली?

दहनाच्या जागी स्मारक १८७४ मध्ये उभे राहिले. त्यात महाराजांचा अर्धपुतळा आहे, पागोटे आणि दागिन्यांसह, रंगवलेला. तो घडवला फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेल्या चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने. वरची भारतीय घाटाची छत्री आखली मेजर चार्ल्स मँट यांनी. खाली इटालियन व इंग्रजीसह वेगवेगळ्या भाषांतील लेख आहेत.

मँट हे नाव कोल्हापूरकरांना माहीत नसले तरी त्यांचे काम त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. न्यू पॅलेस, टाऊन हॉल, सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत ही सारी त्यांच्याच आराखड्यातली. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्यांनीच आखला. युरोपीय बांधणी आणि भारतीय कमानी, घुमट, छज्जे यांचा मेळ घालण्याची त्यांची रीत पुढे सर्वत्र पसरली. टाऊन हॉलच्या बागेतून जाणाऱ्याने वर पाहिले, तर फ्लॉरेन्सच्या छत्रीशी असलेले नाते ओळखू येते. मँट १८८१ मध्ये वारले. न्यू पॅलेस पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही.

नंतरच्या काळात युरोपात अशा जागा वाढल्या, पण त्या युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इंग्लंडमध्ये वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर झाले. तिथे १९२१ मध्ये उभारलेल्या स्मारकाचे नावच ‘छत्री’ आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी प्राण देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पुढच्या वर्षी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांना तोच सन्मान मिळाला. फोर्ली शहरातल्या युद्धस्मारकात ज्यांचे दहन झाले अशा भारतीय सैनिकांची नावे वेगळी कोरलेली आहेत. त्या वेळेपर्यंत त्यासाठी कोणाला महापौरांकडे अर्ज करावा लागत नव्हता; लष्कराच्या नियमांतच ती तरतूद होती.

स्मारक पाहायचे असेल तर…

काशिने उद्यान साधारण साडेतीन किलोमीटर लांब, नदीला समांतर पसरलेले आहे. शहराच्या मध्यभागाकडून आत शिरल्यावर मोठी झाडे, सायकलवाले, खेळाची मैदाने लागतात. पर्यटकांची गर्दी मागे उफिझीच्या चित्रदालनापाशीच राहते. सरळ पश्चिमेकडे चालत राहिले की उद्यान संपते त्या टोकाला संगम आणि त्याच्या अलीकडे छत्री. फोनवरच्या नकाशात ‘इंदियानो’ असा शोध घेतला तर स्मारक, जवळची ‘पालात्झिना देल्लिंदियानो’ ही जुनी इमारत आणि पूल अशी तिन्ही ठिकाणे एकाच नावाची दिसतात.